वाचकांचे प्रश्न : एक वर्ग, एक पाठ, अनेक वाटा

सर्वांना सामावून घेणाऱ्या अध्यापनाबद्दल वाचकांकडून बरीच पत्रं आली. त्यांतली सात निवडली आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत आणि काही प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : समावेशक शिक्षणावरची व्याख्यानं ऐकताना सगळं पटतं. पण वर्गात चाळीस मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकासाठी वेगळा पाठ तयार करायचा तरी कधी?

करूच नका. चाळीस मुलांचे चाळीस पाठ करायला निघालेला शिक्षक पंधरा दिवसांत थकतो आणि मग जुन्याच पद्धतीवर परततो. पाठ एकच ठेवा, त्यात शिरायच्या आणि त्यातून बाहेर पडायच्या वाटा दोन-तीन ठेवा.

सुरुवात उद्दिष्टापासून करा. ते एका वाक्यात लिहा आणि त्यातलं क्रियापद तपासा. ‘बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो ते सांगता येणं’ हे उद्दिष्ट झालं. ‘बाष्पीभवनावर दहा ओळी लिहिणं’ यात विज्ञानाबरोबर लेखनाचीही परीक्षा गुपचूप शिरली आहे. ज्याचं लिहिणं संथ आहे, तो विज्ञानात कच्चा ठरतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून स्वतःला विचारा, लेखन हे इथे शिकवायचं आहे की ती फक्त दाखवायची एक वाट आहे? वाट असेल तर दुसरी वाट चालेल : नावं घातलेली आकृती, दोन मिनिटांचं तोंडी उत्तर, कृती करून दाखवणं. निबंध शिकवायचा असेल तर मात्र लेखन काढून टाकू नका. तिथे आधार द्या : मुद्द्यांचा आराखडा, पहिलं वाक्य, शब्दांची यादी.

या विचाराला ‘अध्ययनाचा सार्वत्रिक आराखडा’ म्हणतात. १९८४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने तो विकसित केला आणि त्याच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. सूचनांची यादी लांबलचक आहे, पण रोजच्या कामाला तीन प्रश्न पुरतात. माहिती मुलापर्यंत किती वाटांनी पोचते? शिकलेलं मूल किती वाटांनी दाखवू शकतं? आणि त्याने यात मन का घालावं?

पस्तीस मिनिटांच्या तासात एवढं करा. फळ्याच्या एका कोपऱ्यात आजचे तीन टप्पे लिहा आणि झालेला टप्पा खोडत जा. पाठातले चार ते सहा अवघड शब्द आधीच चित्रासह दाखवा. सूचना एका वेळी एकच द्या, तोंडी द्या आणि फळ्यावरही लिहा. उत्तर देण्याचे पर्याय दोनच ठेवा. सहा पर्याय दिले की निवडण्यातच दहा मिनिटं जातात आणि तपासताना निकष सांभाळता येत नाहीत. दुसरी गडबड अशी, की काही मुलं लेखन टाळायला कायम चित्रच निवडतात. त्यावर उपाय म्हणजे पर्याय पाठागणिक बदलत ठेवणं. आठवड्याला एका पाठापासून सुरुवात केली तरी पुरे.

प्रश्न : सहावीतला एक विद्यार्थी तोंडी विचारलं तर अचूक उत्तरं देतो. वाचायला दिलं की ‘कमल’चं ‘कलम’ करतो, ओळी गाळतो, जोडाक्षराशी थांबतो. कोणी खास फाँट सुचवतं, कोणी रंगीत पारदर्शक कागद. काय करावं?

फाँट आणि रंगीत कागद आधी बाजूला ठेवू. खास अक्षररचनेमुळे किंवा रंगामुळे वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. मुलाला तो कागद आवडत असेल तर वापरू द्या, पण उपचार म्हणून त्यावर वेळ आणि पैसा घालवू नका. अंतराचं मात्र वेगळं आहे. इटालियन आणि फ्रेंच वाचणाऱ्या डिस्लेक्सिक (म्हणजे वाचनाची विशेष अडचण असलेल्या) मुलांवरच्या २०१२ मधल्या अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर वाचन अधिक अचूक आणि वेगवान झालं. देवनागरीत हे जसंच्या तसं करता येत नाही, कारण अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. म्हणून शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवा. अक्षराचा आकार १४ ते १६ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट, डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी कडा. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये वेड्यावाकड्या फटी पडतात आणि ओळ हरवते.

आता मूळ काम. मुलाला एकट्याला बसवून साधारण शंभर शब्दांचा अनोळखी उतारा वाचायला द्या. तुमच्याकडे त्याची प्रत ठेवा आणि चुका चार गटांत नोंदवा : एक, काना-मात्रा-वेलांटी-उकार; दोन, जोडाक्षरं आणि रफार; तीन, सारखी दिसणारी अक्षरं (घ-ध, भ-म, प-ष); चार, गाळलेले किंवा अदलाबदल झालेले शब्द. शंभरात दहापेक्षा जास्त चुका असतील तर तो उतारा त्याच्यासाठी अवघड आहे, सरावाला सोपा घ्या. पाचच्या आसपास चुका होणारा उतारा तुमच्या मदतीने वाचायला योग्य.

उपाय गटानुसार बदलतो, आणि इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. सगळ्यांना ‘रोज एक पान वाच’ हाच एक काढा दिला जातो. जोडाक्षरांची अडचण असेल तर ‘पुस्तक’मधला ‘स्त’ सुटा काढा. ‘स्’ आणि ‘त’ ही पत्त्यांवरची अक्षरं जोडून दाखवा, आवाज म्हणून घ्या, लिहून घ्या आणि मग त्याच जोडाक्षराचे पाच-सहा शब्द वाचून घ्या. दिवसाला एक जोडाक्षर पुरे. मात्रा-वेलांटीची अडचण असेल तर एकाच स्वरचिन्हाने बदलणाऱ्या जोड्या द्या : दर-दार, मल-मेल, पर-पूर. ओळ हरवत असेल तर वाचायच्या ओळीखाली पट्टी धरायला सांगा. संथपणा असेल तर तोच पन्नास-शंभर शब्दांचा उतारा आधी तुम्ही वाचा, मग त्याला तीन-चारदा वाचू द्या. रोजची पंधरा मिनिटं आठवड्यातल्या एका तासापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

हे चालू असताना इतिहास-विज्ञान थांबता कामा नये. त्या विषयांचे पाठ ऐकवा : ध्वनिमुद्रण, जोडीदाराने वाचून दाखवणं, मोबाइलवरचं वाचून दाखवणारं ॲप. वाचन कच्चं म्हणून ज्ञानही तुटपुंजं राहिलं की पुढच्या इयत्तेत आकलनाचीही अडचण उभी राहते आणि मग कुठली अडचण कशामुळे हे ओळखता येत नाही. वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका. वाचायला लावायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा.

निदान हे शिक्षकाचं काम नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकाकडे पाठवा. पाठवताना तुमची चुकांची नोंद सोबत द्या, ती त्यांना फार कामाची असते. वर लिहिलेला सराव मात्र प्रमाणपत्राची वाट न पाहता आजपासून सुरू करा.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांची चाचणी घेऊन त्यांना दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा गटांत बसवायचं ठरलं आहे. गट कसे हाताळावेत?

गट करू नका. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं, हा दावा तपासणाऱ्या अभ्यासांचा २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी मोठा आढावा घेतला होता. दाव्याला आधार देईल असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत. नकाशा ‘श्राव्य’ मुलालाही पाहूनच कळतो आणि उच्चार ‘दृश्य’ मुलालाही ऐकूनच. माध्यम ठरवायचं ते विषयाच्या स्वभावावरून, आणि शक्य असेल तेव्हा सगळ्यांना दोन माध्यमं द्यायची. ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्याची गोष्ट अर्थातच निराळी, ती शैली नव्हे.

प्रश्न : माझ्या मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. घरी ती छान ऐकते. शाळेत पहिल्या बाकावर बसते, तरी ‘काही कळत नाही’ म्हणते. ती टाळाटाळ करते आहे का?

बहुधा नाही. चष्मा लावला की बरंचसं स्पष्ट दिसतं. श्रवणयंत्राचं तसं होत नाही, ते आवाज मोठा करतं आणि त्यात नको तो आवाजही येतो. घरी तुम्ही एखाद्या मीटरवरून बोलता आणि खोली शांत असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचं माप) उतरतो. म्हणजे एका मीटरऐवजी चार मीटरवरून बोलणाऱ्या बाईंचा आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी पोचतो. पंखा, बाकांची खरखर आणि कुजबुज मात्र तिच्या कानाशीच असते. अशा मुलांसाठी शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा असं मानतात. भरल्या वर्गात ते आपोआप क्वचितच जमतं. कठीण भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी शब्दांचे शेवट खातो, तो आणखी वेगळा.

शिक्षकांना या गोष्टी सांगा.

पहिला बाक नेहमीच चांगला नसतो. मान वर करून बघावं लागतं आणि मागे कोण बोललं ते दिसत नाही. दुसऱ्या रांगेत, एका बाजूला, दार-खिडकी आणि पंख्यापासून दूर अशी जागा बरी. एका कानाने जास्त ऐकू येत असेल तर तो कान वर्गाकडे हवा.

फळ्यावर लिहिताना बोलू नये. लिहा, वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. तसं ओठांवरून फार थोडंच कळतं. प, ब, म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे ‘पान’ की ‘मान’ हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं. ओरडून बोललं की ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रातला आवाजही फाटतो. नाही कळलं तर एकदा तेच वाक्य पुन्हा म्हणा, तरीही नाही कळलं तर शब्द बदला. तेच पाचदा म्हणण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या मुलाने विचारलेला प्रश्न शिक्षकाने स्वतः पुन्हा सांगितलाच पाहिजे, कारण बहुतेक वेळा तिला फक्त उत्तर ऐकू येतं.

बघणं आणि लिहिणं एकाच वेळी होत नाही. श्रुतलेखनासारखी टिपणं देत असाल तर मुद्द्यांची प्रत आधी तिच्या हातात द्या.

शक्य असेल तर शिक्षकाच्या गळ्यातला बिनतारी मायक्रोफोन आणि त्याला जोडणारं श्रवणयंत्र ही जोडी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) विचारा. मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत खाली लावायचा, साखळी किंवा ओढणी घासणार नाही असा. कोणाशी खासगी बोलताना तो बंद करायला विसरू नये, नाहीतर सगळं संभाषण मुलीच्या कानात!

रोज सकाळी दोन मिनिटांची एक तपासणी तुम्ही घरीही करू शकता. तोंड कागदाने झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज उलटसुलट क्रमाने म्हणायचे आणि मुलीने ते पुन्हा म्हणायचे. मधली विरामाची वेळ बदलत राहा, मधेच काहीच न म्हणता थांबून पाहा, म्हणजे ती अंदाजाने बोलते आहे का ते कळतं. हे आवाज बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेले आहेत. ‘म’ खालचा, ‘स’ सगळ्यांत वरचा. काल ऐकू आलेला ‘स’ आज येत नसेल तर बॅटरी, नळी आणि यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यातला मळ बघा. फरक टिकून राहिला तर तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्याला कार्यपत्रिका झेरॉक्सवर मोठी करून देतो. तरीही तो मागे पडतो.

ए-फोर कागद ए-थ्रीवर मोठा केला की सगळं सुमारे १.४ पट होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम १७ पॉइंट. मोठ्या अक्षरातल्या मजकुराची सुरुवातच साधारण १८ पासून होते. शिवाय ओळीही तेवढ्याच लांबतात, मुलाला मान डावीकडून उजवीकडे फिरवत न्यावी लागते आणि परत येताना ओळ चुकते. पुसट आकृती मोठी होते, गडद होत नाही. तेव्हा मजकूर ए-फोरवरच मोठ्या अक्षरात नव्याने टंकलिखित करा, कागद चमक नसलेला घ्या, एका पानावर दोन-तीनच प्रश्न ठेवा. त्याला नेमका किती आकार सोयीचा आहे ते त्याच्यासमोर १८, २०, २४ असे नमुने ठेवून ठरवा.

फळ्यावर लिहिता लिहिता ‘हे इकडे नेलं, यातून ते वजा केलं’ असं म्हणू नका, संख्या उच्चारा. आलेखातल्या रेषा केवळ लाल-हिरव्या ठेवू नका. एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची काढा. याचा फायदा वर्गात ज्याचं रंगांधत्व कुणाला माहीतच नाही त्यालाही होतो, आणि मुलांमध्ये ते मुलींपेक्षा खूप जास्त आढळतं.

ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी उठावाची आकृती करताना चित्राची नक्कल करायचा मोह टाळा. फुलाच्या छेदातल्या प्रत्येक रेषेवर दोरा चिकटवला तर बोटांना नुसता गुंता लागतो. आवश्यक चार-पाच भाग ठेवा, प्रत्येकाला वेगळा पोत द्या, रेषांमध्ये बोट मावेल एवढं अंतर ठेवा आणि आधी शब्दांत सांगा : वर काय, मध्ये काय, कुठून सुरुवात करायची.

प्रश्न : गटकाम दिलं की एक मुलगी सगळं करते, बाकीचे बघतात. मागे पडलेली मुलं तर बोलतच नाहीत.

‘गटात बसा आणि चर्चा करा’ ही सूचनाच अपुरी आहे. जे काम एकटीला जमतं ते गटात एकटीच करणार. कामाची रचना अशी हवी की प्रत्येकाकडचा तुकडा दुसऱ्याकडे नसेल. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये वापरलेली ‘जिगसॉ’ पद्धत नेमकी याचसाठी आहे. तीस मुलं असतील तर पाचांचे सहा मूळ गट करा, पाठाचे पाच भाग करा आणि गटातल्या प्रत्येकाला एक भाग द्या. मग एकच भाग मिळालेली सहा मुलं एकत्र बसतात, भाग समजून घेतात आणि तो कसा सांगायचा हे ठरवतात. दहा-बारा मिनिटांनी मूळ गटात परतून प्रत्येकाने आपला भाग शिकवायचा. शेवटी सर्व भागांवर छोटी वैयक्तिक चाचणी.

बिघडतं कुठे? वाचन कच्चं असलेल्या मुलाला अवघड भाग आला तर तो गटासमोर उघडा पडतो. म्हणून भाग तुम्ही वाटा, चिठ्ठ्या टाकून नको, आणि त्याचा भाग आदल्या दिवशी घरी द्या. दुसरं म्हणजे मुलं कागद वाचून दाखवतात. परतताना कागद काढून घ्या, तीन शब्दांची चिठ्ठी किंवा चित्र चालेल. कोणी गैरहजर असेल तर त्याचा भाग जोडीने करवून घ्या.

बोलत नाहीत त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो : थांबा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. मनात तीन मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटतं.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना तर याहून जास्त वेळ लागतो. खेळताना ती फाडफाड बोलतात म्हणून त्यांना पाठ्यपुस्तकाची भाषा येते असं समजू नका. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्याला सुमारे दोन वर्षं पुरतात, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात. चर्चा आधी त्यांच्या भाषेत होऊ द्या, मांडणी शाळेच्या भाषेत करू द्या.

प्रश्न : परीक्षेत एका मुलाला जादा वेळ आणि लेखनिक दिला तर इतरांवर अन्याय होत नाही का? पालक विचारतात.

पालकांना विचारा, पेपर काय मोजतो? इतिहासाच्या पेपरात लिहिण्याचा वेग मोजायचा नसेल तर वेगाची अडचण काढून टाकल्याने कुणाचे गुण कमी होत नाहीत. प्रश्न तेच, उत्तरं तीच, निकष तोच. प्रश्नच सोपे केले तर मात्र तो वेगळा पेपर झाला, आणि गुणपत्रिकेत तसं स्पष्ट नोंदवायला हवं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पालकांची शंका रास्त ठरते.

जादा वेळ सरसकट उपयोगी पडत नाही, हेही खरं. एका तासाच्या पेपरला पाव वेळ जादा दिला तर पंधरा मिनिटं मिळतात. संथ वाचणाऱ्याला ती पुरतील. ज्याचं लक्ष वीस मिनिटांत विस्कटतं त्याची मात्र बैठक लांबते आणि चुका वाढतात. त्याला शांत खोली आणि घड्याळ थांबवून पाच मिनिटांची विश्रांती द्या. काय लागू पडतं ते सराव परीक्षेत तपासा, वार्षिक परीक्षेच्या दिवशी प्रयोग नको.

लेखनिकाचंही तसंच. सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचा निदान तीन-चार वेळा सराव हवा. मुलाने विरामचिन्हं आणि परिच्छेद सांगायचे, लेखनिकाने स्वतःचा शब्द घालायचा नाही, मागितल्यावर शेवटचं वाक्य वाचून दाखवायचं. गणितात जास्त काळजी घ्या. ‘क्ष अधिक दोन भागिले तीन’ हे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. म्हणून ‘कंस सुरू, क्ष अधिक दोन, कंस पूर्ण, भागिले तीन’ असं बोलायची सवय वर्गातच लावा. लेखनिक त्या विषयात फार हुशार नसावा, पण त्याला विषयातली चिन्हं लिहिता आली पाहिजेत.